‘अमाडेउस’ चित्रपट आणि मोझार्टच्या स्वच्छ हस्तलिखितांची आख्यायिका

मिलॉश फॉरमन यांचा ‘अमाडेउस’ हा चित्रपट १९८४ साली प्रदर्शित झाला. त्याला अकरा ऑस्कर नामांकने मिळाली व त्यांपैकी आठ पारितोषिके त्याने पटकाविली. सालिएरीची भूमिका करणाऱ्या एफ. मरे अब्राहम यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक लाभले. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी ज्यांचा एरवी संबंध येत नाही अशा लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत मोझार्टचे नाव या चित्रपटाने पोहोचविले. परंतु ज्यांचा या विषयाशी नित्याचा संबंध होता, त्या संगीतेतिहासकारांमध्ये त्याविषयी तीव्र मतभेद उत्पन्न झाले आणि ते अद्यापि पुरते शमलेले नाहीत. या वादाचे एक वैशिष्ट्य असे की, चित्रपटातील ज्या कल्पित गोष्टी सहज नजरेत भरतात त्यांवरच बहुतेक टीका खर्ची पडली आणि एका फार जुन्या, प्रतिष्ठा पावलेल्या आख्यायिकेकडे पुष्कळांचे दुर्लक्ष झाले.

चित्रपटाचे कथानक पीटर शॅफर यांच्या त्याच नावाच्या नाटकावर आधारलेले आहे. ते नाटक २ नोव्हेंबर १९७९ रोजी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगभूमीवर आले. कथा म्हातारा सालिएरी सांगतो. १८२३ साली वेड्यांच्या इस्पितळात एका तरुण धर्मोपदेशकापुढे तो कबुलीजबाब देतो : आपण आयुष्यभर ईश्वराची निष्ठेने सेवा केली, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, पण ईश्वराने आपल्या वाणीसाठी निवडला तो एक खिदळणारा, अचकटविचकट बोलणारा, बेजबाबदार पोरगा. म्हणून आपण ईश्वराशी वैर धरले आणि त्या पोराचा नाश केला.

विषप्रयोगाची ही दंतकथा शॅफर यांनी निर्माण केलेली नाही. आपणांस विष घालण्यात आले आहे असा संशय मोझार्टने अखेरच्या दिवसांत पत्नीपाशी बोलून दाखविला होता, अशी नोंद १७९८ च्या नीमेचेककृत चरित्रातच आढळते. तीत सालिएरीचे नाव मात्र नाही. ते नाव १८२३ च्या सुमारास, सालिएरी विकल अवस्थेत व्हिएन्नाच्या रुग्णालयात असताना, लोकांच्या तोंडी झाले. बेथोव्हेनच्या संभाषणवह्यांत या अफवेचे पडसाद आहेत. मोशेलेस या आपल्या जुन्या शिष्यापाशी सालिएरीने तिचा स्पष्ट इन्कार केला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोघा परिचारकांनीही असा कबुलीजबाब आपण कधी ऐकला नाही, असे लिहून दिले. परंतु अफवेला तोवर पाय फुटले होते. पुश्किनने १८३० साली तिच्यावर एक छोटी शोकनाटिका लिहिली आणि रिम्स्की-कोर्साकोव्हने त्या नाटिकेची संगीतिका केली; ती १८९८ मध्ये मॉस्को येथे सादर झाली.

चित्रपटावरील मुख्य आक्षेप एच. सी. रॉबिन्स लँडन यांच्या १७९१ या मोझार्टच्या अंतिम वर्षावरील ग्रंथात (१९८८) आढळतो. दैवी देणगी लाभलेला मद्यपी उडाणटप्पू आणि त्याच्या पाठीस लागलेला सूडबुद्धीचा सालिएरी, हे शॅफरप्रणीत चित्र लोकांच्या मनांतून काढणे आता कठीण जाईल, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. ए. पीटर ब्राऊन यांनी १९९२ मध्ये इतिहासाची नोंद दुरुस्त करण्याचा हेतू शीर्षकातच सांगणारा लेख लिहिला. उलट, रॉबर्ट मार्शल यांनी १९९७ साली ‘म्युझिकल क्वार्टर्ली’मध्ये हा चित्रपट संगीतशास्त्राच्या दृष्टीने गंभीरपणे अभ्यासण्याजोगा मानला.

चित्रपटाच्या समर्थकांचा युक्तिवाद साधारणपणे दोन मुद्द्यांवर उभा असतो. पहिला असा की, हे चरित्र नसून मोझार्ट-सालिएरी या विषयावरील स्वैर कल्पनाविलास आहे आणि त्याचा निवेदक भ्रमिष्ट आहे. त्याच्या विधानांना इतिहासाचा निकष लावणे अप्रस्तुत होय. दुसरा मुद्दा असा की, मोझार्टचे जे विक्षिप्त चित्र लोकांना खटकते तेच मुळी साधार आहे. या दुसऱ्या मुद्द्यात निश्चितच तथ्य आहे. चुलतबहिणीस मोझार्टने लिहिलेली १७७७-७८ मधील पत्रे ग्राम्य विनोदाने ओसंडून वाहतात. कारोलिने पिखलर या लेखिकेने वृद्धपणी लिहिलेल्या आठवणीनुसार, एकदा पियानोवर अप्रतिम उपज करीत असतानाच मोझार्ट एकाएकी उठला, टेबलाखुर्च्यांवरून उड्या मारू लागला आणि मांजरासारखा म्यांव-म्यांव करू लागला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी नाटक पाहून, इतके नाजूक संगीत रचणारा मनुष्य असे बोलणे शक्य नाही असे बजावले, व पत्रांचा पुरावा सांगूनही त्या बधल्या नाहीत, असे पीटर हॉल यांनी नमूद केले आहे. येथे पुरावा नाटककाराच्या बाजूने होता. मात्र जो मनुष्य पत्रांत व बैठकीत असा वागे, तोच दरबारातही तसाच वागत असे, असे या पुराव्यावरून सिद्ध होत नाही.

सालिएरीवर मात्र अन्याय झाला, यात संशय नाही. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात १७७५ साली विवाहबद्ध झाला व त्याला आठ अपत्ये झाली. त्याला सुमार प्रतिभेचा प्रतिनिधी ठरविणेही कठीण आहे : मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहाचे उद्घाटन १७७८ मध्ये त्याच्याच संगीतिकेने झाले आणि नूतनीकरणानंतर २००४ साली त्याच संगीतिकेने ते पुन्हा उघडले. बेथोव्हेन, शूबर्ट व लिस्ट हे त्याचे शिष्य; मोझार्टचा धाकटा मुलगाही त्याच्यापाशी शिकला. १४ ऑक्टोबर १७९१ च्या पत्रात मोझार्टने स्वतः लिहिले आहे की, आपण सालिएरीला ‘जादूची बासरी’ दाखविण्यास नेले आणि त्याने प्रत्येक भागाला मनापासून दाद दिली. २०१५ च्या अखेरीस प्राग येथील संग्रहात १७८५ मधील एक लहानशी गीतरचना सापडली. तिचे संगीत मोझार्ट, सालिएरी व कोर्नेत्ती या नावाचा तिसरा रचनाकार अशा तिघांनी मिळून केलेले आहे. अर्थात व्यावसायिक चुरस होतीच, आणि मोझार्टने इटालियन मंडळींविषयी पत्रांतून तक्रारीही केल्या आहेत. परंतु पगार व पदे यांवरून कोणत्याही दरबारात होणाऱ्या कुरबुरींपलीकडे त्यांचे स्वरूप जात नाही.

या सर्व चुका उघड आहेत आणि कोणताही चांगला चरित्रग्रंथ हाती घेतल्यास त्या दुरुस्त होतात. खरी अडचण दुसऱ्याच एका प्रसंगात आहे. मोझार्टची पत्नी कोन्स्टान्त्से नवऱ्याला नोकरी मिळावी म्हणून त्याची हस्तलिखिते गुपचूप सालिएरीकडे आणते. सालिएरी ती चाळतो. ही पहिलीच, एकमेव प्रत. पण तीत एकही खाडाखोड नाही. संपूर्ण रचना मनात अगोदरच पुरी झालेली, लेखणीने केवळ श्रुतलेखन केलेले. सालिएरीच्या हातून कागद गळून पडतात. पुढे त्याने ईश्वराशी मांडलेले सारे भांडण या क्षणावर आधारलेले आहे : कारण हे संगीत जर कष्टांनी साध्य झालेले असेल, तर कष्टाळू सालिएरीला ईश्वरावर पक्षपाताचा आरोप करण्यास जागाच उरत नाही.

हे दृश्य ज्या कल्पनेवर उभे आहे तिचे मूळ १८१५ मध्ये सापडते. त्या वर्षी लाइप्झिगच्या संगीतविषयक नियतकालिकात फ्रीड्रिख रोख्लिट्स याने मोझार्टचे म्हणून एक पत्र प्रसिद्ध केले. रचना कशी सुचते, ती मनात एकाच क्षणी एखाद्या चित्राप्रमाणे समग्र कशी दिसते आणि मग कागदावर उतरविणे किती सोपे असते, याचे त्यात वर्णन होते. स्वच्छंदतावादी युगाला असे पत्र हवेच होते. ओटो यान याने १८५६ पासून प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्याचे खोटेपण दाखवून दिले. तरीही प्रतिभेचा पुरावा म्हणून त्याचा आधार पुढे दीर्घकाळ घेतला गेला.

मूळ कागद निराळीच हकीकत सांगतात. हायडन याला १७८५ मध्ये अर्पण केलेल्या सहा चतुष्टकांना मोझार्टने अर्पणपत्रिकेत दीर्घ व कष्टप्रद परिश्रमाचे फळ म्हटले आहे आणि त्यांच्या हस्तलिखितांत त्या परिश्रमाच्या खुणा, म्हणजे खोडलेल्या व पुन्हा लिहिलेल्या ओळी, जागोजागी दिसतात. ही हस्तलिखिते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नाटक रंगले तेही याच शहरात! ॲलन टायसन यांनी १९७० नंतरच्या दशकात कागदांवरील जलचिन्हे व स्वररेषांची आखणी यांचा काटेकोर अभ्यास करून दाखविले की, मोझार्ट एखादी रचना सुरू करी, मध्येच सोडी आणि कधी कधी काही वर्षांनी पुन्हा हाती घेई. जानेवारी १७९१ मध्ये पूर्ण झालेली अखेरची पियानो-कोन्चेर्तो त्याने सुमारे १७८८ च्या कागदांवर आरंभिली होती. दीडशेच्या घरात अपूर्ण खंड आज उपलब्ध आहेत. उल्रिख कोनराड यांनी १९९२ मध्ये त्याच्या टाचणांचा समग्र आढावा प्रसिद्ध केला. पुष्कळ हस्तलिखिते स्वच्छ दिसतात हे खरे. पण ती बहुधा कामाची दुसरी पायरी असते. पहिली पायरी पियानोवर किंवा सुट्या कागदांवर होई, आणि त्या कागदांपैकी बहुतेक नष्ट झाले.

निवेदक भ्रमिष्ट आहे, ही सबब येथे पुरी पडत नाही. विषप्रयोगाविषयी प्रेक्षक साशंक राहतो; पण स्वच्छ कागद कॅमेऱ्याने त्याच्या डोळ्यांसमोर धरलेला असतो आणि संगीतही तेव्हाच ऐकू येते. म्हाताऱ्याच्या कथनातील हा एकच भाग तो निर्विवाद मानून घरी जातो.

आश्चर्य असे की, शेवटच्या प्रसंगात चित्रपट स्वतःच या कल्पनेला छेद देतो. मृत्युशय्येवरील मोझार्ट ‘रेक्विएम्’मधील ‘कोनफुतातिस्’ हा भाग सालिएरीला सांगत आहे. प्रसंग सर्वस्वी कल्पित आहे. ही रचना सालिएरीने नव्हे, तर काउंट वाल्सेग याने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ, स्वतःचे नाव गुप्त ठेवून मागविली होती. पण त्यातील कृती पाहण्यासारखी आहे. प्रथम पुरुषांचे आवाज, मग त्यांना आधार देणारे बसून व ट्रॉम्बोन, नंतर तुताऱ्या व नगारे, त्यानंतर तंतुवाद्यांची चाल. मध्येच थांबणे, सालिएरीचे गोंधळणे. रचना थराथराने उभी राहते. प्रथम आवाज व खर्जाची ओळ लिहावयाची, महत्त्वाच्या वाद्यांच्या खुणा करावयाच्या आणि उरलेले मागाहून भरावयाचे, ही मोझार्टची पद्धत त्याच्या हस्तलिखितांवरून ठाऊक आहेच. संगीतरचनेची प्रक्रिया सामान्य प्रेक्षकाला इतकी स्पष्ट करून दाखविणारे दुसरे दृश्य चित्रपटांत क्वचितच सापडेल. मात्र येथेही एक बारकावा राहून जातो. मूळ हस्तलिखितातील ‘कोनफुतातिस्’मध्ये मोझार्टच्या अक्षरात आवाज, खर्ज व व्हायोलिनच्या काही ओळी एवढेच आहे, पडद्यावरचा मोझार्ट ज्या तुताऱ्या-नगारे आवेशाने सांगतो, त्यांची भर त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी घातली.

ते हस्तलिखित आज व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात मोझार्ट, आयब्लर व स्यूसमायर यांची अक्षरे दिसतात आणि ‘लाक्रिमोसा’ आठ मात्राखंडांनंतर मोझार्टच्या हाताने थांबतो. १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले असता कोणी अज्ञात इसमाने शेवटून दुसऱ्या पानाचा कोपरा फाडून नेला. त्या कोपऱ्यावर, मागील भाग पुन्हा घ्यावा अशी मोझार्टची सूचना दोन-चार शब्दांत लिहिलेली होती. तो तुकडा अद्याप सापडलेला नाही.