पाप, गुन्हा आणि प्रतिनिधित्व : कलम ३७७ च्या वादातील ख्रिस्ती भूमिका

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न निघाला की एका बाजूस धर्मसंस्था आणि दुसऱ्या बाजूस हक्कांची मागणी करणारे, अशी सरळ विभागणी करण्याकडे आपला कल असतो. भारतातील ख्रिस्ती समाजाविषयी तर ही विभागणी गृहीतच धरली जाते. प्रस्तुत टिपणात ती कितपत टिकते हे तपासावयाचे आहे. त्यासाठी राहाता तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील ख्रिस्ती समाज डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. कारण न्यायालयात ज्यांच्या नावाने युक्तिवाद होतात, ती माणसे बहुधा अशाच गावांतून राहतात.

नगर-मनमाड रस्त्यावरील राहाता हे शिर्डीस लागून असलेले बागायती भागातील गाव होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. १८४२ साली नगर येथे ‘ज्ञानोदय’ निघाले. सिंथिया फॅरार यांच्या शाळांमुळे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातही नगरचे नाव नोंदले गेले. पुढे जेझुइट मिशनऱ्यांनी याच जिल्ह्यात कॅथलिक धर्मकार्य वाढविले. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबर महिन्यात भरणारी मतमाउलीची यात्रा त्याची आज सर्वपरिचित अशी खूण आहे. धर्मांतर करणाऱ्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे बहुसंख्य होती. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेविले, त्यांना शाळेत आणि प्रार्थनामंदिरात बरोबरीने बसविणे हेच या भागातील ख्रिस्ती सार्वजनिक कार्याचे मूळ स्वरूप होय. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट विसरता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३३ साली, पूर्वी धर्मन्यायालयाच्या कक्षेत असलेले हे कृत्य प्रथमच राजसत्तेच्या कायद्याने देहान्ताचा गुन्हा ठरविले. पापाचे गुन्ह्यात झालेले हे रूपांतर पुढील सर्व इतिहासाचा उगम आहे. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा केला. त्यातील या विषयावरील कलमांबाबत चर्चा होणेच अनिष्ट, अशी त्याची धारणा होती. म्हणून स्पष्टीकरण देण्याचे त्याने टाळले. १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या संहितेत ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगास शिक्षा सांगणारे कलम ३७७ आले. मुळातच मौनातून जन्मलेल्या या कलमाने पुढे दीडशे वर्षे मौनच पोसले. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे कलम साम्राज्यसत्तेने केले. नगरचे मिशन अमेरिकन होते आणि कायदा करण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. दोन्ही पाश्चात्त्य व दोन्ही ख्रिस्ती परंपरेतील, एवढ्यावरून दोहोंना एक मानणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरेल.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, इंग्लंडमध्ये हा गुन्हा रद्द होण्याच्या प्रक्रियेत ख्रिस्ती विचारवंतांचा प्रत्यक्ष वाटा होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण मंडळाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाने कायद्याच्या फेरविचाराची मागणी केली. धर्मशास्त्रज्ञ डेरिक शर्विन बेली यांचा ग्रंथ १९५५ साली निघाला. वुल्फेंडन समितीपुढे कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या कॅथलिक समितीनेही, पाप हे पापच असले तरी प्रौढांच्या खाजगी कृत्यास राज्याने शिक्षा करू नये, असे मत मांडले. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाने हाच भेद स्वीकारला आणि १९६७ साली इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला. स्वतंत्र भारतात मात्र मूळ कलम तसेच राहिले.

भारतातील न्यायालयीन वाद या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे वैचित्र्य ध्यानात येते. २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्यासह न्यायमूर्ती एस. मुरलीधर होते. लोकांच्या प्रचलित नीतिकल्पनांहून संविधानिक नीती श्रेष्ठ, हा त्या निकालाचा गाभा होय. संविधानिक नीतीची ही कल्पना डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत अन्य धर्मांच्या संघटनांबरोबर अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि ट्रस्ट गॉड मिशनरीज या ख्रिस्ती संस्था होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पूर्ववत् केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नवतेजसिंग जोहर प्रकरणात ते एकमताने पुन्हा सीमित केले. तेव्हाही काही ख्रिस्ती संघटना विरोधात उभ्या होत्या.

परंतु या संघटना म्हणजे भारतीय ख्रिस्ती समाज नव्हे. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी, चर्चचा समलिंगी विवाहास विरोध असला तरी समलिंगी व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही, अशी भूमिका जाहीरपणे घेतली. ग्रिफिन समितीच्या युक्तिवादाशी तिचे नाते उघड आहे. नागपूर येथे मुख्य कार्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या संयुक्त संस्थेने तर एच.आय.व्ही.विषयक कार्यातून पुढे जाऊन लैंगिक विविधतेवर चर्चमध्ये संवाद घडवून आणण्याचा उपक्रम चालविला. अर्थात एक कायद्याच्या शिक्षेचा आग्रह धरणारी, दुसरी पाप व गुन्हा यांत भेद करणारी आणि तिसरी स्वीकाराकडे झुकणारी, अशा किमान तीन ख्रिस्ती भूमिका स्पष्ट दिसतात. राहात्याचे कॅथलिक १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळ्या मुख्यतः १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या, आणि ते चर्च उपरोक्त कौन्सिलचे सदस्य आहे. म्हणजे या तालुक्यातील ख्रिस्ती समाजाच्या प्रमुख संस्थात्मक परंपरा पहिल्या भूमिकेच्या नव्हेत. न्यायालयात ‘ख्रिस्ती’ म्हणून जो आवाज नोंदला गेला, तो त्यांचा नव्हता.

विवाहाचा प्रश्न वेगळा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे ठरविले आणि समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. येथे चर्चच्या आक्षेपास धर्मशास्त्रीय आधार आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि न्यायालयाने सुनावणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती मर्यादित ठेविली होती. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या स्वतंत्र कायद्याने लागतात. नागरी विवाहाच्या कक्षेत बदल झाला असता, तरी वेदीपुढील विधीवर त्याची सक्ती आपोआप आली नसती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे शिक्षेचा वाद तूर्त संपला, परंतु सन्मानाचा वाद संपलेला नाही.

या वादात नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे हित गुंतलेले आहे, ही गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. पुढे १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आजही त्यापासून वंचित आहेत. बहुसंख्यांच्या मताने अल्पसंख्यांचे हक्क ठरू नयेत, हाच त्यांच्या मागणीचा आधार आहे. तोच आधार समलिंगी व्यक्ती मागतात तेव्हा तो नाकारणे म्हणजे आपल्याच पायाखालची जमीन खणणे होय. शिवाय हे दोन समाज एकमेकांपासून पूर्णपणे वेगळेही नाहीत. एखाद्या ख्रिस्ती घरातील मुलगा वा मुलगी समलिंगी असू शकते, आणि तिच्या दृष्टीने हा वाद न्यायालयातील नसून रविवारच्या उपासनेतील बाकावरचा असतो.

सारांश, पापाची व्याख्या करण्याचा अधिकार चर्चपाशी राहो; गुन्ह्याची व्याख्या संविधानाने करावी. हा भेद ख्रिस्ती विचारास परका नाही, तो त्या विचारानेच एकदा आधुनिक कायद्यास शिकविला आहे. वेशीबाहेरच्यांना आत घेण्यातून ज्या समाजाचा इतिहास सुरू झाला, त्याने आता वेस कोठे आखावी, हा प्रश्न त्या समाजानेच सोडवावयाचा आहे.