बंबातला विस्तव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘थंडीत घर उबदार कसं ठेवावं आणि तेही कमी खर्चात’ या विषयावर बोला, असं सांगण्यात आलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी रेवदंड्याचा माणूस. आमच्या किनाऱ्यावर थंडी ती केवढी! निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. आमच्याकडे जानेवारीतही पारा सहसा पंधरा-सोळाच्या खाली उतरत नाही.

पण किनाऱ्यावरच्या माणसाला तेवढीही पुरते. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा रात्री पडतो आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. कोळ्यांच्या होड्यांना तो हवा असतो. कौलांच्या फटींतून तो अंगावर घेणाऱ्या म्हाताऱ्यांना नको असतो. माझी आजी त्या वाऱ्याला ‘मेला’ म्हणायची आणि गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची. ती गोधडी तिच्याच जुन्या लुगड्यांची.

आमच्या जुन्या घरात ऊब अशी वेगळी विकत आणावी लागत नसे. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, माळ्यावर पेंढा. झोपायचं ते मधल्या माजघरात, बाहेरच्या भिंतींपासून दूर. चुलीला लागून वैल असायचा, म्हणजे चुलीतून निसटणारी आंच दुसऱ्या भांड्याखाली जायची. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि पहाटे उकरून फुंकणीने फुलवायचे. काडेपेटीची काडीसुद्धा वाचे. घरात बाळंतीण असली की तिच्या बाजेखाली शेगडी. आणि न्हाणीघरात तांब्याचा बंब. त्याच्या पोटातल्या नळीत करवंट्या, नारळाची सोडणं, वाळलेल्या झावळ्यांचे तुकडे, सगळा वाडीतला कचरा. नळी मध्ये आणि पाणी भोवती, त्यामुळे आंच वाया जायला जागाच कमी. इंधन वाचवण्याचं एवढं साधं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

भिंतींवरून आठवलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा बहुतेकांनी बाहेरूनच पाहिली असेल. ती मूळची मुंबईची, कुलाब्याची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. विजेपासून पळायला अलिबाग ही उत्तम जागा होती! तिथल्या उपकरणांना लोखंड चालत नव्हतं आणि तपमानातला चढउतारही चालत नव्हता. म्हणून चुंबकत्व नसलेला निवडक पोरबंदरी दगड आणून, आतलं तपमान फारसं हलू नये अशी इमारत बांधली. आमच्या आजीच्या माजघराचंच हे शास्त्रशुद्ध रूप, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, वा, जुनं ते सोनं. तिथेच माझी हरकत आहे. नारळी-पोफळीची वाडी ज्याच्या दाराशी, त्याला करवंट्या फुकट. ज्याच्याकडे वाडी नाही त्याने काय जाळायचं? आगरी, कातकरी, ठाकूर माणसाचं सरपण डोंगरावर होतं, आणि डोंगर त्याचा राहिला नव्हता.

१८७८च्या वन कायद्याने सरकारने रानं राखीव करायला सुरुवात केली. पूर्वी गावकरी मोळी आणत, भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तोडत. आता त्या कामाला परवाना, पास, दंड अशी भाषा आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (आपला रायगड १९८१पर्यंत कुलाबाच होता) इतका असंतोष माजला की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पण रानावरचा सरकारी हक्क काही सुटला नाही. दुसरीकडे त्याच डोंगरांतला लाकूडफाटा आणि कोळसा खाड्यांतून मचव्यांत भरून मुंबईच्या वखारींकडे जात होता. मुंबईची चूल पेटत होती आणि मोळी आणणारी बाई रानाच्या राखणदाराला बघून लपत होती.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि पावसाळ्यात त्याचा रोख जंगलाकडे वळला. आजच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले. झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी मेले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. जागेवर हजर असलेले मामलेदार जोशी हेही त्याच गोळीबारात गेले. चिरनेरला आज हुतात्मा स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी मानवंदना होते. शाळेच्या पुस्तकात आपण याला स्वातंत्र्याचा लढा म्हणतो, तो होताच. पण त्या माणसांच्या घरात संध्याकाळी चुलीत घालायला काय होतं, हाही त्या लढ्याचा भाग होता, आणि तो पुस्तकात येत नाही.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या खाडीतून रोज वाहते. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिऱ्याचं १९२७ साली. भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यासाठीच. दोन्ही वीजघरं आपल्याच जिल्ह्यात. भिऱ्याला वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत सुटतं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत येतं. वीज मुंबईच्या गिरण्यांना, पाणी आम्हाला. माझे वडील कंदिलाखाली शिकले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथलं तेल बंद झालं आणि कंदिलातलं रॉकेलही मापून मिळू लागलं. आजी सांगायची, त्या थंडीत जेवणं उजेड असतानाच उरकायची आणि उरलेल्या निखाऱ्यांभोवती बसायचं.

१९७४ साली मुंबई हायला तेल सापडलं, आणि पुढे समुद्रातल्या नळांनी वायू किनाऱ्याला आला तो उरणला. १९८२ साली तिथे त्या वायूवर चालणारं वीजघरही झालं. नकाशा काढून पाहा: चिरनेर आणि उरणचा वायू प्रकल्प, दोन्ही एकाच तालुक्यात. सरपणासाठी जिथे माणसं मेली, तिथून काही कोसांवर स्वयंपाकाचा गॅस तयार होऊ लागला. तरी आमच्या घरी सिलिंडर यायला नंबर लावून काही वर्षं थांबावं लागलं.

सिलिंडर आला तेव्हा आजी थकली होती. तिचा खोकला साऱ्या आळीला ओळखीचा होता. आम्ही तो वयाचा म्हणत असू. आज डॉक्टर सांगतात की चुलीपाशी आयुष्य काढलेल्या बाईची फुप्फुसं धुराने, विडी न ओढताच, निकामी होतात. आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या वाशांकडे बघून ते कळायला हवं होतं. कुणाला कळलं नाही, मलाही नाही. म्हणून फुकटच्या उबेचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते.

आता घर सिमेंटचं आहे. भिंती पातळ, स्लॅब दिवसा तापतो आणि पहाटे गार पडतो. मुलाने गीझर बसवला. बीस लिटरची बादली बावीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायची तर साधारण अर्धा युनिट वीज लागते, हा हिशेब मी शाळेतल्या गणितासारखा मांडून त्याला दाखवला. पाच माणसं, रोज अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. शंभर युनिटांच्या पुढे गेलं की दर चढतो, तो वेगळाच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि कातकरवाडीतही सिलिंडर पोचले. पण तिथे आंघोळीचं पाणी अजून तीन दगडांवरच तापताना मी पाहतो. भरलेला सिलिंडर पाण्यावर कोण घालवील?

आमच्या घरी शेवटी तोड निघाली ती अशी. बंब न्हाणीघरातून काढून मागच्या अंगणात, उघड्यावर मांडला. करवंट्या आहेतच, धूर आभाळात जातो. गीझर पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी. वायव्येची खिडकी दिवसा उघडी आणि ईशान्येची, मतलईच्या बाजूची, दिवेलागणीला बंद. सुनेने आजीच्या गोधडीवर नवं अस्तर घातलं.

आणि पौषात एका रात्री वाडीत पोपटी लागते. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, भांबुर्ड्याचा पाला. मडकं गच्च भरून उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा शिजतात. तोवर सगळी आळी त्या जाळाभोवती हात शेकत उभी असते. यंदा चिरनेरकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी मडक्यावर पेंढा टाकता टाकता सांगितलं की त्यांची आजी ३०च्या सप्टेंबरात रानातून पळत घरी आली होती, आणि मोळी तिने टाकली नव्हती.