तळटीप १२ : ग्लेन कॅन्यनचा विसर्ग

१२. ‘धरणातून पाणी सोडले’ एवढाच उल्लेख मूळ मजकुरात आहे. हे धरण म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील, कोलोरॅडो नदीवरचे ग्लेन कॅन्यन. १९६३मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली. त्याआधी ही नदी उन्हाळ्यात गढूळ आणि कोमट असे. पुढे लेक पॉवेल जलाशयाच्या खोल थरातले थंड, नितळ पाणी टर्बाइनमधून खाली येऊ लागले. केवळ कोलोरॅडो खोऱ्यात आढळणाऱ्या ‘हम्पबॅक चब’ या कुबड्या माशाला ते सोसले नाही. ग्रँड कॅन्यनमध्ये त्याची वीण मुख्यतः लिटल कोलोरॅडो या उपनदीपुरती उरली. १९९६मध्ये सात दिवस सेकंदाला सुमारे ४५,००० घनफूट पाणी सोडून वाहून गेलेले वाळूचे काठ पुन्हा घडवण्याचा प्रयोग झाला.

दुष्काळात जलाशय खालावला, तसे वरच्या थरातले उबदार पाणी टर्बाइनकडे ओढले जाऊ लागले. चबला ते मानवले; मात्र त्याच उबेमुळे ‘स्मॉलमाउथ बास’ हा परका, शिकारी मासाही धरणाखाली विऊ लागला, हे २०२२मध्ये आढळले. म्हणून २०२४च्या उन्हाळ्यात टर्बाइनला वळसा घालणाऱ्या खालच्या नळांतून थंड पाणी मिसळण्यात आले. या नळांच्या पाण्यावर वीज तयार होत नाही, हा त्या उपायाचा खर्च. पुढील प्रकरणातील ‘थंड विसर्ग’ हा उल्लेख याच अर्थाने वाचावा. – संपादक