चांद्याच्या फौजेचा पोशाख

गेल्या मार्गशीर्षात चंद्रपूरच्या एका विद्यालयातील तरुण मंडळी आमच्या घरी आली. गावच्या उत्सवात गोंड राजांच्या वेळचे सैन्य मिरवणुकीने काढावे असा त्यांचा बेत होता, आणि त्या सैन्याच्या अंगावर काय घालावे, एवढा एकच प्रश्न उरला होता. प्रश्न एकच, म्हणून तो सोपाही असावा असे त्यांस वाटत होते. खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हांसही तसेच वाटले. पोशाख भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून त्यांनी नमुन्यादाखल एक 'चिलखत' आणिले होते. लोकरीने विणलेल्या सदऱ्यास चंदेरी रंग दिलेला, छातीवर पत्र्याचे सूर्यमुख, डोक्यास पुठ्ठ्याचा टोप आणि टोपावर तुरा म्हणून कोंबड्याचे पीस. हा वेष गेल्या महिन्यात कोणा मावळ्याने, त्यापूर्वी कोणा राजपुताने, आणि त्याही पूर्वी, वरील डागांवरून पाहता, रावणाच्या एखाद्या सेनापतीने वापरिला असावा.

वेषाची अशी फजिती आपल्याच देशात होते असे नाही. सन १८३९ च्या ऑगस्टात स्कॉटलंडातील एग्लिंटन येथील अर्लने मध्ययुगीन योद्ध्यांच्या द्वंद्वयुद्धांचा मोठा सोहळा मांडिला. सरदारपुत्रांनी पोलादी कवचे चढविली, हजारो प्रेक्षक लोटले, आणि ऐन वेळी पावसाने असे झोडपिले की त्या सोहळ्याची आठवण पुढे कवचांपेक्षा छत्र्यांमुळेच अधिक राहिली. तथापि युरोपीय संशोधकास एक सोय आहे, ती आपणांस नाही. गोटलंड बेटावरील विस्बी नगराबाहेर सन १३६१ मध्ये लढाई झाली. ऐन उन्हाळ्यात पडलेल्या प्रेतांवरील कवचे काढून घेण्याइतकीही उसंत विजेत्यांस मिळाली नाही, म्हणून बहुत जणांस अंगावरील लोखंडासह सामुदायिक खड्ड्यांत लोटण्यात आले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरिले गेले तेव्हा कोणाच्या डोक्यावर कड्यांच्या जाळीची टोपी होती, कोणाच्या छातीवर कापडाखाली जडविलेल्या पट्ट्या होत्या, हे सर्व जसेच्या तसे हाती आले. जेथे वीरास चितेवर ठेवितात तेथे भूमी असली साक्ष देत नाही. आपणांस कागद आणि दगड ह्यांच्याकडेच जावे लागते.

आम्ही मुलांस प्रथम विचारिले, "सैन्य कोणत्या सालचे?" उत्तर आले, "गोंड राजांच्या वेळचे." परंतु चांद्याचे गोंडराज्य शतकानुशतके चालले आणि सन १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. एवढ्या काळात पोशाख एकच राहिला असेल काय? सन १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर चालून आला व खंडणी घेऊन गेला. दिल्लीच्या सत्तेशी असा संबंध आला म्हणजे खिलतीचा जामा, कमरेचा पटका, पगडीची नवी तऱ्हा, हे सर्व मागोमाग येते. ह्याच मंडळींच्या यादीत बाबुराव शेडमाके ह्यांचेही नाव होते. ते ब्रिटिशांशी लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांस चांद्यास फाशी देण्यात आले. म्हणजे बल्लाळशाहाचा शिपाई आणि बाबुरावांचा सोबती ह्यांच्यामध्ये शतके पडली आहेत; दोघांस एकाच पेटीतील अंगरखे चढविणे हा दोघांचाही अपमान होय.

अखेर आम्ही सोळाव्या शतकाची अखेर पक्की केली. कारण त्या काळाविषयी एक लेखी साक्ष आहे. अबुल फजलाच्या ऐने अकबरीत चांद्याच्या बाबजी नामक गोंड राजाचा उल्लेख येतो. त्याच्यापाशी एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचे तेथे लिहिले आहे. वैरागडची हिऱ्यांची खाण त्याच्या ताब्यात असून त्या गावी नक्षीदार वस्त्रे व इतर कापड तयार होते, आणि रानात हत्ती पुष्कळ आहेत, असेही त्यात म्हटले आहे. आकडे ढोबळ असणार, हे उघडच आहे. दिल्लीआग्ऱ्याकडील कारकुनाने झाडीतील माणसे मोजिली नव्हती. परंतु प्रमाण बोलके आहे. एका स्वारामागे चाळीस पायदळ! मोगल सैन्याचा प्राण घोडा होता. ह्या राज्याचा प्राण पाय होता.

आता चिलखताकडे वळू. त्याच ग्रंथात शाही शस्त्रागाराचे एक प्रकरण आहे. त्यात जिरे, बख्तर, चहारआइना अशी कवचांची निरनिराळी नावे व किमती दिल्या आहेत. जिरे म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. तिच्यातील प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकविलेली असते, आणि चांगल्या कामात तिचे तोंड बारीक खिळ्याने ठोकून बंद करितात. बख्तरात ह्या जाळीतच पोलादी पट्ट्या गुंफितात. चहारआइन्यात छाती, पाठ व दोन कुशी ह्यांवर चार तक्ते बांधितात. आपला 'जिरेटोप' शब्द ह्याच जिऱ्यावरून आला. तो मुळात लोखंडाचा आणि मानेवर जाळी सोडलेला. आज चित्रांतून व मिरवणुकांतून तो कापडी झाला आहे आणि वरून मोत्यांचा तुरा घेऊन बसला आहे. सन १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेतील मर्म मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. चिलखत आत होते. मराठी नाटकातले चिलखत नेहमी बाहेर असते, कारण ते खालच्या माणसाकरिता नसून समोरच्या प्रेक्षकाकरिता असते.

असले जिरे करावयास हजारो कड्या, निष्णात कारागीर आणि महिनोन्‌महिने लागतात. अंगावर घेतले म्हणजे आठ-दहा किलोंचा भार होतो. चांद्याच्या मुलखात लोखंडाची वाण होती असे कोणी म्हणू नये. लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव येथील लोहखनिजाची कीर्ती जुनी आहे, आणि गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगराविषयी तर आता सर्वत्र बोलले जाते. कोळशाच्या लहान भट्ट्यांत येथे लोखंड गाळीत. परंतु ते जात असे कोठे? कुऱ्हाडीस, बाणाच्या फळास, भाल्याच्या पात्यास, नांगराच्या फाळास. झाडीत पावसाळ्याचे चार महिने कड्यांची जाळी गंजापासून राखणे म्हणजे एक स्वतंत्र चाकरी होय. आणि वैशाखात त्या जाळीखाली चालणारा मनुष्य शत्रू गाठण्यापूर्वीच पाणी मागेल. बांबूच्या बेटातून, काट्याकुट्यांतून, नाल्यांतून चालणाऱ्या पायदळास लोखंडाचे अंग नको होते.

दगड काय सांगतात? चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. कनिंगहॅम साहेबांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची पाहणी करून वर्णन लिहिले. मंदिराच्या बाह्य भिंतीवरील मूर्तींच्या ओळींपुढे आम्ही मुलांस घेऊन एक अख्खी दुपार घालविली. तथापि तेथे सावधगिरी हवी. ती देवळे गोंडराज्याच्या पूर्वीची. शिवाय देव, अप्सरा व द्वारपाल हे शिल्पशास्त्राच्या आज्ञेने नटतात, ऋतूच्या आज्ञेने नव्हे. शिपायाचा वेष पाहावयाचा तर महाराष्ट्रभर विखुरलेले वीरगळ अधिक प्रामाणिक. तळच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीरास नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि शेवटी चंद्रसूर्य. त्या तळच्या पट्टीत वीर कसा उभा असतो? बहुधा छाती उघडी, कमरेस घट्ट कसलेले आखूड वस्त्र, केसांचा बुचडा, एका हातात लहान वाटोळी ढाल, दुसऱ्या हातात सरळ तलवार. गडचिरोलीकडील माडिया लोक मृताच्या स्मरणार्थ जी शिळा उभी करितात ती तर अनघडच असते; तिच्यावर वेष नाही, चेहराही नाही.

हे सर्व सांगून आम्ही म्हणालो, "तेव्हा चाळिसांतील बहुतेकांच्या अंगावर काहीच कवच नको. धोतर किंवा लंगोट, डोक्यास फडके, आणि ढाल." मंडळी गप्प झाली. त्यांतील एक मुलगा स्वतः गोंड घरातला. तो फार वेळाने म्हणाला, "सर, म्हणजे आम्हांला पुन्हा उघडेच दाखवायचे काय?"

ह्या प्रश्नाने आमचा सर्व पांडित्याचा आव उतरला. तो 'पुन्हा' शब्द आम्हांस टोचला. उघडे अंग म्हणजे रानटीपणा, ही समजूत गेल्या दीडदोनशे वर्षांत ग्रंथांतून, प्रदर्शनांतील छायाचित्रांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून ह्या लोकांच्या माथी मारण्यात आली आहे. त्या मुलास पत्र्याचे चिलखत खोटे आहे हे कळत नव्हते असे नाही; त्यास ते खोटे हवेच होते, कारण खऱ्याने त्याच्या पूर्वजांस हिणविले जाईल अशी त्यास भीती होती. इतिहासाभ्यासकाने अशा वेळी केवळ "पुरावा असाच आहे" म्हणून हात झटकणे बरे नव्हे.

आम्ही त्यास वीरगळांची चित्रे पुन्हा दाखविली. ते वीर गोंड नव्हेत. ते यादवांचे, शिलाहारांचे, गावोगावच्या पाटलांचे लोक. त्यांच्याही छात्या उघड्या आहेत, आणि त्यांच्या वंशजांस त्याबद्दल कोणी रानटी म्हणत नाही. उलट त्या दगडांस शेंदूर लाविला जातो. देवगिरीच्या मुलखातला शिपाई आणि बल्लारपूरच्या मुलखातला शिपाई ह्यांच्या वेषांत फार अंतर नव्हते. मग मिरवणुकीत एकास मखमल आणि दुसऱ्यास पाने गुंडाळणारे आपण कोण? पानापिसांचा वेष हा तर पत्र्याच्या चिलखताहूनही अधिक खोटा आहे. ज्या राज्यात वैरागडास नक्षीदार वस्त्रे होत होती, ज्या राजांनी चांद्याचा कोट बांधून त्यास चार वेशी व पाच खिडक्या ठेविल्या आणि त्यावर हत्तीस नमविणारा सिंह कोरिला, त्या राज्यातले शिपाई पाने गुंडाळून कोटावर उभे नव्हते.

तो मुलगा पूर्ण समाधान पावला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या दिवसापासून तो कामास लागला, आणि पुढचे बहुतेक संशोधन त्यानेच केले.

कापडाचा शोध हा ह्या सर्व उद्योगातील आनंदाचा भाग ठरला. जाडेभरडे हातमागाचे सुती कापड मिळाले. रंगाविषयी आम्ही हट्ट धरिला. बाजारातील झगझगीत लाल व हिरवे रंग रासायनिक आहेत. त्यांचा जन्मच सन १८५६ मध्ये विलायतेस झाला. त्यापूर्वी ह्या प्रांतात आलाच्या मुळांचा काहीसा मातकट तांबडा रंग, निळीचा निळा, कुसुंब्याचा गुलाबी, आणि पळसफुलांचा पिवळा. पळस तर दारातच उभा. फुले उकळून मुलांनी फडकी रंगविली. तो रंग दोन धुण्यांत उडतो, ह्याची तक्रार त्यांच्या आयांनी आमच्याकडे केली. आमचा इलाज नव्हता. आरमोरीकडे ढीवर मंडळी येनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळितात. त्या कोशाचे मूळच्या मधासारख्या रंगाचे वस्त्र सरदाराच्या खांद्यावर शोभून दिसले. वैरागडची ती नक्षीदार वस्त्रे कोशाचीच होती असे सांगून टाकण्याचा मोह मात्र आम्ही आवरिला.

ढालींनी आम्हांस बरेच शिकविले. दुकानातील ढालीवर चार पितळी फुले गोंदाने चिकटविलेली होती. मुलांस वाटले, ही शोभा. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात शस्त्रे पाहताना त्यांस उमगले की, कातडी ढालीवरील ती फुले म्हणजे खिळ्यांची डोकी होत. आत ज्या दोन मुठी असतात त्यांची टोके त्या खिळ्यांनी बाहेर धरलेली असतात, आणि मुठींच्या मध्ये बोटांस लागू नये म्हणून लहानशी गादी असते. फुले काढिली की ढाल हातातून गळून पडते. त्यानंतर मुलांनी चर्मकारांकडून चामड्याच्या ढाली करवून घेतल्या. धनुष्याचे काम भामरागडकडील एका वृद्धाने केले. बांबूचे धनुष्य आणि त्यास बांबूच्याच सालीची दोरी. टंग्या तर घरोघर होत्या. केवळ कारखान्यातला दांडा काढून हाताने तासलेला घातला.

ह्याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी पाळावी लागली. आजचा माडिया वृद्ध जे नेसतो तेच चारशे वर्षांपूर्वीचा शिपाई नेसत असे, असे धरून चालणे फसवे आहे. झाडीतील माणसांचा काळ गोठला आहे ही कल्पना शहरातील लोकांची सोय होय. तेथेही मणी बाजारातून आले, लुगड्याचे काठ बदलले, आणि आज तर त्या वृद्धाचा नातू विजार घालून भ्रमणध्वनीवर बोलत असतो. म्हणून आम्ही हत्यारांची घडण त्यांच्यापासून घेतली, वेष घेतला नाही.

राहता राहिला स्वार. मुले होती अडतीस. ऐने अकबरीचे प्रमाण धरिले तर एकही घोडा बसत नव्हता, आणि घोड्यावाचून मिरवणूक ही कल्पना कोणासही सहन होईना. शेवटी शेजारच्या वर्गातून तिघे मिळविले. चाळीस पायदळ आणि एक स्वार. स्वाराच्या अंगात कापसाच्या थरांचा टाचलेला डगला घातला. तरवारीचा तिरपा वार असला डगला बराच झेलितो, आणि जिऱ्याच्या मानाने तो गरिबाच्या आवाक्यातला असतो. घोडा गावातल्या लग्नांच्या वरातीचाच मिळाला. तो सनई ऐकताच दोन पाय उचलून नाचू लागतो, म्हणून वाजंत्र्यांस फौजेच्या अगदी शेवटी, घोड्यापासून दूर ठेवावे असे ठरले आहे. जटपुरा वेशीपाशी गर्दीत हे कितपत साधते ते पाहावयाचे.