परदेशी विद्यार्थ्याची फी

‘विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीयीकरण’ म्हटलं की सामंजस्य करार, परदेशी कॅम्पस असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आज आपण नुसती फी बघू, तीही ब्रिटनमधली.

1967 पर्यंत तिथे स्थानिक आणि परदेशी विद्यार्थ्यांना फी सारखीच होती. त्या वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना 250 पौंड लावले. स्थानिकांना 70च्या आसपासच राहिले. त्याआधी सगळं सोपं होतं असं मात्र समजू नका. 1920 मध्ये बाबासाहेब आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, ते साठवलेल्या आणि उसन्या पैशांवर.

खरा घाव 1979चा. सरकारी खर्च कापायला निघालेल्या थॅचर सरकारने ठरवलं, की पुढच्या वर्षापासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने शिक्षणाचा पूर्ण खर्च भरायचा. युरोपीय समुदायातले विद्यार्थी वगळले. म्हणजे फ्रेंच मुलगा घरचा, आणि एके काळी ज्यांच्यावर राज्य केलं त्या मलेशियातली मुलगी परकी!

मलेशियाची हजारो मुलं तेव्हा ब्रिटनमध्ये शिकत होती. 1981 मध्ये महाथिर मोहम्मद यांनी ‘ब्रिटिश माल सर्वांत शेवटी’ असं धोरण जाहीर केलं, त्यामागे या फीचाही राग होता. मग 1983 मध्ये ब्रिटनने तीन वर्षांसाठी 4 कोटी 60 लाख पौंडांची मदत काढली. आमच्या मते ही मलमपट्टीच. फी काही कमी झाली नाही. उलट अनुदान आटल्यावर विद्यापीठंच परदेशात विद्यार्थी शोधत फिरू लागली.

ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, तो फ्रेंच मुलगाही परक्यांच्या रांगेत आला.