गहाण आणि करुणा

घरात पैशाची निकड निर्माण झाली की कपाटातील दागिना सराफाच्या तराजूत जातो. विकला तर तो कायमचा गेला. गहाण ठेवला तर सोडवून आणण्याची आशा उरते. या आशेचे मोल किती घ्यावे, हा प्रश्न पंधराव्या शतकात इटलीतील ख्रिस्तसभेपुढेही उभा राहिला होता.

त्या काळी गरीब कारागिराला अंगरखा किंवा अवजार गहाण ठेवून कर्ज काढावे, तर जबर व्याज द्यावे लागे. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या प्रवचनांतून प्रेरणा घेऊन १४६२ साली पेरुजिया नगरात ‘मोन्ते दी पिएता’, म्हणजे करुणेचा निधी, सुरू झाला. भाविकांच्या देणग्यांतून भांडवल उभारायचे आणि वस्तू तारण घेऊन गरिबांना रक्कम द्यायची, अशी ही योजना होती. मुदतीत न सोडवलेली वस्तू लिलावात जाई. मात्र येणे वजा जाता उरलेले पैसे मूळ मालकाला परत मिळत.

बर्नार्दिनो दा फेल्त्रे यांचा आग्रह होता की, निधी टिकवायचा तर अल्प आकार घेतलाच पाहिजे. कायेतान यांच्यासारख्या डोमिनिकन पंडितांनी त्यावर आक्षेप घेतला. ख्रिस्तसभेने व्याज निषिद्ध मानले असताना करुणेच्या नावाने ते कसे घ्यावे? अखेर ४ मे १५१५ रोजी पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी निर्णय दिला: नोकरांचे वेतन आणि व्यवस्थेचा खर्च भागेल एवढेच घ्यावे, नफा घेऊ नये, काहीही न घेता देता आले, तर ते अधिक पवित्र. हे पोप मेदिची या सावकारी पेढी चालविणाऱ्या घराण्यातील होते, हे विशेष.

या कार्याला एक काळी बाजूही आहे, ती लपवणे योग्य नव्हे. बर्नार्दिनो यांच्या प्रवचनांनी ज्यू सावकारांबरोबरच त्यांच्या सबंध समाजाविषयी द्वेष पसरवला. गरिबाच्या कैवारासाठी दुसऱ्या समाजाचा तिरस्कार करण्याची मुळीच गरज नव्हती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूद्वेषाचा निषेध केला.

आपल्या पतपेढ्यांचे संचालकपद भूषविणाऱ्यांनी लिओंचा तो निकष एकदा आपल्या हिशेबवहीशेजारी ठेवून पाहावा. तारण ठेवलेली पाटली तिजोरीत सोने असते. परंतु ती ठेवून रित्या हाताने घरी परतणारी माउली आपल्याच धर्मग्रामातील असते.