पत्र्याच्या शेडला फुटणारा घाम
लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. पत्रा हलका, झटपट उभा राहणारा. पण उन्हात तापणारा आणि थंडीत आतून घामेजणारा. वर्कशॉपचा खरा शत्रू हा घामच! उबदार दमट हवा गार पत्र्याला लागली की पाणी ठिबकते, लेथ मशीन गंजते.

१९१६ च्या निसेन हट या पत्र्याच्या लष्करी झोपडीला आतून दुसरे अस्तर होते. उपाय बरा, पण दमट हवा शिरायला फटी राहायच्याच.

१९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हे प्लास्टिक शोधले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा फोम फवारता येऊ लागला. दोन द्रव गनमध्ये मिसळतात, क्षणात फुगतात आणि पत्र्याला घट्ट चिकटतात. दमट हवेची वाटच बंद!

मात्र हा फोम पेट घेतो. वेल्डिंगच्या शेडमध्ये त्यावर अग्निरोधक आच्छादन हवेच.